नंबरपाटी

चाळीस नंबरच्या रस्त्याने डेलावेअरची हद्द ओलांडली
की डाव्या हाताला क्राउसबाईचं हॉटेल.
मी तिथे बशा धुते. नऊ वर्षं झाली.
उष्टी ताटं आत सरकवायला वीतभर खिडकी आहे,
तिच्यातून माणसं दिसतात ती नुसती हातांची.
मनगटापर्यंत सगळं जग गोरं.

जूनमध्ये एक हात वेगळा आला.
रंग माझा, पण बाहीला सोन्याची बटणं.
त्याने कॉफी मागितली,
धुऊन इस्त्री केलेल्या परक्या इंग्रजीत.
क्राउसबाई म्हणाली, बांधून देते, गाडीत प्या.
तो म्हणाला, मी राजदूत आहे.
ती म्हणाली, असाल.

मी नळ बंद केला.
बारा जणांची पंगत चावायची थांबली.
दार वाजलं. लांब काळी गाडी वॉशिंग्टनकडे गेली
आणि मी नळ सोडला.

मला वाटलं, संपलं. आमच्याकडे असंच संपतं.
माझ्या भावाचे चार दात ह्याच गावात पडले,
ती बातमी एल्कटनची वेस ओलांडून गेली नाही.
पण त्या कॉफीची गेली.
मॉस्कोच्या रेडिओवर म्हणे अठ्ठावीस भाषांत
न प्यायलेल्या कपाची वाफ निघत होती.

आठव्या दिवशी सरकारी माणूस आला, ह्यूएट नावाचा.
हॅट गुडघ्यावर, आवाज मऊ, लोण्यात बुडवलेला.
बाई, देशाचा प्रश्न आहे.
ह्या लोकांची आता मतं आहेत तिकडे न्यूयॉर्कला,
झेंडे आहेत, खाणी आहेत.
पलीकडचा टपलेलाच आहे.
चारचौघांत आपली शोभा नको.

म्हणजे पाहुणे यायचे म्हणून
पुढची खोली झाडायची
आणि केर खाटेखाली लोटायचा.
केराला कुणी विचारत नाही.

क्राउसबाईने मात्र नेमकं विचारलं:
ओळखायचं कसं हो?
कुठला काळा बाहेरचा नि कुठला इथला?
ह्यूएटसाहेब बराच वेळ गप्प.
पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.
मग म्हणाला,
गाडीच्या नंबरपाटीवरून.

जाताना कप ठेवायला खिडकीशी वाकला,
मतं मागायला आल्यासारखं हसून म्हणाला, नाव काय तुझं?
ओडेसा.
त्याची पेन्सिल थबकली.
ते तर रशियात आहे.
मी म्हटलं, साहेब, ते पिठाच्या पोत्यावर होतं.
आईला वाचता येत नव्हतं,
दुकानदाराने वाचून दाखवलं, तिला आवडलं.
पोत्याचं तिने मला झबलं शिवलं.
त्याने काहीतरी लिहिलं. मग खोडलं.

सप्टेंबरात बटणवाला परत आला.
आता त्याला नाव होतं: माननीय इद्रिसा तांगारा.
खिडकीजवळचं टेबल, नवा टेबलक्लॉथ,
कुणीतरी फोटोही काढला.
त्याने एकच घोट घेतला.
उरलेला कप स्वतः घेऊन माझ्या खिडकीशी आला
आणि माझ्या ओल्या हातात दिला.
बोलला काहीच नाही.
मागून बाई पुटपुटली, तो कप वेगळा ठेव.
ठेवला. माझ्या घरी आहे.

आणि परवा, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार.
आमची व्हर्लीन आली, माझ्या बहिणीची.
एकोणीस वर्षांची, चर्चचे हातमोजे, बोटाला उसवलेले.
बरोबर कॉलेजची तीन पोरं.
पाच मैल चालत, चिखलाचे बूट,
पुढच्या दाराने आत, स्टुलावर.
ताई, कॉफी.

क्राउसबाईने आधी काचेतून बाहेर पाहिलं.
पुन्हा पाहिलं. वाकून पाहिलं.
बाहेर गाडी नव्हती,
नुसता रस्ता होता, आणि त्यावर आठ पावलांचा चिखल.

ती ओरडली, ओडेसा, फोन लाव शेरीफला!
मी नळ बंद केला.
हात पुसले, एकेक बोट, सावकाश.
फोन माझ्या डाव्या हाताला होता,
दार उजव्या.